शेपूट येईपर्यंत

सासूबाई सायकल शिकल्या हे आमच्या ह्यांना कळलं, तेव्हा त्यांच्या हातातला पाना निसटला तो थेट बेकरीवाल्याच्या पायावर. बेकरीवाला एका पायावर नाचत राहिला आणि हे त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. मी एका चाकाचा आउट काढत होते, म्हणजे आरे थोडे आवळून, थोडे सैल करून वाकडं फिरणारं चाक सरळ करत होते. मान वर केलीच नाही.

"कुणी शिकवलं?"

"मी."

"कुठे?"

"मागच्या गल्लीत. दुपारी. तुम्ही जेवून घोरत असता ना, तेव्हा."

"अगं पण पडली असती म्हणजे?"

"पडल्या की! तीनदा पडल्या. उठल्या, कपडे झटकले, परत बसल्या. तुम्हाला कळलं का? नाही ना? मग?"

आता तुम्ही म्हणाल, सायकलच्या दुकानातली बाई सायकल शिकली, यात एवढं डोक्यावर घ्यायला काय झालं? अहो, तेच तर सांगतेय! सासऱ्यांनी हे दुकान काढलं त्या दिवसापासून सासूबाई दुकानात आहेत. चाकातले छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, लहानमोठे निवडायचे, ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधायचे, सगळं त्यांच्याकडे. डोळे मिटून बोटांत छर्रा फिरवतात आणि पुढच्या चाकाचा की मागच्या, ते सांगतात. अख्ख्या वस्तीच्या सायकली त्यांच्या हाताखालून गेल्या. पण सीटवर म्हणून कधी बसल्या नाहीत. सासरे म्हणायचे, एवढा सीझन संपू दे, मग शिकवतो. सीझन काही संपला नाही, सासरेच गेले.

मागच्या वर्षी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हे तेव्हा दुकानात ग्राईंडर चालवत होते, हाक ऐकू आली नाही. ते त्यांनी मनाला फार लावून घेतलं. तेव्हापासून 'आई, उठू नकोस', 'आई, उचलू नकोस', 'आई, तू बस'. बसून बसून माणसाला मुंग्या येतात, पण ह्यांना कोण सांगणार!

प्लास्टर काढल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला होता, दाबायला. हाताला जोर येईल म्हणाले, पण पूर्वीइतका येईल याची काही खात्री नाही. सासूबाईंनी दोन दिवस चेंडू दाबला आणि ठेवून दिला. म्हणाल्या, "याच्यात काही अर्थ नाही, नुसतंच दाबायचं. काही होत तर नाही त्याने." मग दुरुस्तीला आलेल्या सायकलींचे ब्रेक दाबायला लागल्या. ब्रेक दाबला की रबर रिमला टेकतं, चाक थांबतं. काहीतरी झाल्यासारखं वाटतं. एका दुपारी अशाच ब्रेक दाबत बसल्या होत्या आणि मला म्हणाल्या, "अगं, थांबवायला शिकले मी. पण थांबवण्याआधी चालवायला नको का?"

मी हातातलं काम टाकलं आणि शिडी आणली. देवाशपथ सांगते, अंगावर काटा आला होता माझ्या!

छताच्या तुळईला हुकावर एक निळी सायकल कित्येक वर्षं लटकत होती. मधली दांडी खाली वाकलेली, चढायला सोपी, पण गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. ती मी उतरवली. नवे आरे भरले, दोन्ही चाकांचा आउट असा काढला की फिरताना हलतंय की नाही कळू नये. सासूबाईंनी छर्रे स्वतः निवडले. माझी जुनी ट्रॅक पँट घोट्यापाशी दुमडून घातली. आणि मागच्या गल्लीत आमची शाळा सुरू झाली.

तर हे सगळं ह्यांना कळलं आणि मोठा तमाशा झाला. बेकरीवाला पाय चोळत मधे पडला, "अहो उस्ताद, आईंना एकदा आपल्या रविवारच्या सायकलफेरीला तर येऊ द्या." ह्यांना सगळे उस्तादच म्हणतात. उस्ताद खवळले. रविवारची फेरी म्हणजे गंमत आहे का, रहदारी असते, पूल असतो, पुलावर वारा असतो. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तोच वारा बघायचाय मला. दर रविवारी सगळे येऊन त्या पुलावरच्या वाऱ्याबद्दल बोलता. चहा मी करते आणि वारा तुम्ही खाता."

शेवटी हे एका अटीवर तयार झाले. "एकदा. पूर्ण फेरी, स्वतःच्या पायांवर. मधे कुठूनही तुला आणायला यायला लागलं, तर सायकल परत त्या हुकावर. आणि त्यानंतर विषय काढायचा नाही. कबूल?"

मी म्हणणार होते की ही कसली अट, तुम्हाला स्वतःला गेल्या पावसाळ्यात टेंपोत घालून आणलं होतं. पण सासूबाईंनी माझा हात दाबला. उजव्या हाताने. चांगला जोर होता.

"कबूल," त्या म्हणाल्या.

*

आता आमच्या फेरीची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमची टोळी काही तालेवारांची नाही. बेकरीवाला मागे भलंमोठं कॅरियर असलेल्या सायकलवर येतो. दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांची सायकल हलकी आणि जीभ जड. दोन कॉलेजच्या मुली, एक शिंपी, एक बसचालक, जो सुट्टीच्या दिवशी बस सोडून दुसरं काहीही चालवायला तयार असतो. आणि असे बरेच. कुणी वेगात, कुणी रमतगमत. मग शहरातून जाताना रांग लांबते, सिग्नलला तुटते, मागचे चुकतात. म्हणून सासऱ्यांनीच एक रीत घालून दिली होती. सगळ्यात पुढे असतो तो तोंड. सगळ्यात मागे असतो तो शेपूट, त्याच्या अंगात नारिंगी जाकीट. वळण आलं की तोंडाच्या मागचा माणूस तिथे उतरतो आणि हात लांब करून उभा राहतो, कुठे वळायचं ते दाखवत. तो खांब. सगळे त्याच्यासमोरून वळतात. नारिंगी जाकीट दिसलं की खांबाने सायकलवर बसायचं आणि शेपटाच्या पुढे लागायचं. शेपूट येईपर्यंत खांबाने हलायचं नाही. बस्स. यात मोजामोजी नाही, फोनाफोनी नाही. शेपूट दुकानात पोचलं की सगळे आले. आजवर आमचं एक माणूस हरवलेलं नाही.

रविवारी सकाळी दुकानासमोर जत्रा भरल्यासारखी गर्दी. सासूबाई येणार ही बातमी बेकरीवाल्याने पावाबरोबर घरोघर पोचवली होती! कुणी टायर दाबून बघत होतं, कुणी सीट खालीवर करत होतं, मी सगळ्यांना हाकलत होते. हे नारिंगी जाकीट घालून सासूबाईंच्या शेजारी उभे, जणू त्यांना शाळेत सोडायला आलेत.

"मी आईच्या बाजूने चालवणार."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "नवीन माणूस तोंडाच्या मागे. नियम तुमच्या वडिलांचा आहे, माझा नाही. तुम्ही शेपूट. मागे व्हा."

हे मागे झाले. मान मात्र सगळा वेळ उंच, सारस पक्ष्यासारखी.

निघताना सासूबाईंनी फोन माझ्या पिशवीत टाकला. "तुझ्या या पँटचे खिसे अगदी भोंगळ आहेत गं, पडेल." मी हो म्हटलं. तेव्हा काय ठाऊक!

आणि मग आम्ही निघालो. काय सांगू तुम्हाला! पुढे डॉक्टरीणबाई, त्यांच्या मागे निळी सायकल, आणि निळ्या सायकलवर ताठ बसलेल्या आमच्या सासूबाई. पहिल्या कोपऱ्यावर थोड्या डगमगल्या, मागून सगळे एकदम "आँ" करून ओरडले, त्यांनी हँडल सावरलं आणि मागे न बघता म्हणाल्या, "ओरडू नका, मला ऐकू येत नाही चाकाचा आवाज." बागेच्या कडेने गेलो. शाळेचा चढ आला. मी मनात म्हणत होते, उतरा, उतरून ढकला, चालतं तेवढं. नाही उतरल्या! दात खाऊन, उभ्या न राहता, एक पेडल, मग दुसरं, असं करत चढल्या. बेकरीवाल्याने कॅरियरवर थाप मारून ताल धरला. आणि मग पूल. पुलावर वारा आला तसा त्यांचा पदर म्हणा, म्हणजे माझ्या जुन्या जाकिटाची टोपी, मागे फडफडायला लागली. त्यांनी एक आरोळी ठोकली. शब्द नाही, नुसतीच आरोळी! एवढ्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले, वाऱ्याने नाही.

पूल संपला की औषधांच्या दुकानापाशी तिठा आहे, तिथे उजवीकडे वळायचं. मी रांगेच्या मधे होते. जवळ आले तर काय, खांब म्हणून सासूबाई उभ्या! सायकल स्टँडवर, पाय जुळवलेले, उजवा हात खांद्याच्या रेषेत लांब. नंतर कळलं, डॉक्टरीणबाई आधीच्या वळणांसारखं इथेही दुसऱ्याला उतरवणार होत्या, तर यांनीच सांगितलं, "प्रत्येक जण खांब होतो ना? मग मला का नाही?"

"आई, हात खाली घ्या थोडा, दुखेल!" मी जाता जाता ओरडले.

"पुढे बघून चालव तू!"

मी हसत हसत वळले. पुढे मंडईच्या मागून सरळ, घड्याळाच्या मनोऱ्यावरून, दुकान. मला वाटत होतं सायकल रस्त्याला टेकतच नाहीये. झालं, संपलंच होतं की! शेवटचे चार सोपे रस्ते राहिले होते आणि हुक रिकामा राहणार होता, जन्माचा.

*

दुकानात पोचल्यावर बेकरीवाल्याने कॅरियरवरची टोपली सोडली. गरम पावांचा वास, थर्मासमधला चहा, सगळ्यांची एकच बडबड. एकेक करत माणसं येत होती. सासूबाई अजून नव्हत्या, पण त्यात काय! खांब झालेला माणूस शेपटाबरोबरच येतो. मी त्यांच्यासाठी मऊ पाव बाजूला काढून ठेवला.

मग नारिंगी जाकीट दिसलं. हे आले. हात काळे, चेहरा फुललेला.

"अगं, कसली चेन होती म्हणून सांगू!" सायकलवरून उतरायच्या आधीच सुरू. "पुलाखालच्या रस्त्याने एक जण चालला होता, आपल्यातला नाही, कोणीतरी वाटसरू. चेन अशी कुरकुरत होती, मला राहवेना! थांबवला, तेल घातलं, एक कडी जाम होती ती मोकळी केली. बिचारा म्हणाला, गेलं वर्षभर मला वाटायचं माझ्या गुडघ्यांचाच आवाज आहे!"

सगळे हसले. हे पण हसले. इकडेतिकडे बघितलं.

"आई कुठेय?"

थर्मासचं झाकण कुणाच्या तरी हातातून पडलं आणि गडगडत गेलं.

"तुमच्याबरोबर नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्याबरोबर? ती तर पुढे होती, तुमच्या मागे!"

मी पिशवीतून फोन काढायला हात घातला, त्यांना फोन लावायला, आणि हातात दोन फोन आले. माझा आणि त्यांचा.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणूनच सांगत होतो! म्हणूनच! कुठेतरी पडली असेल. पडून राहिली असेल, आणि मी…" ह्यांनी खिळ्यावरची टेंपोची चावी ओढली. "मी आणतो तिला. सायकल मागे टाकतो. संपला हा विषय."

चावी त्यांच्या हातात, आणि मला समोर तो हुक दिसायला लागला. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण डोक्यात काहीतरी टोचत होतं. माणूस हरवतो कसा? आमची रीत अशी आहे की हरवूच शकत नाही. मी जाऊन दारात आडवी उभी राहिले.

"थांबा. आधी एक सांगा. त्या चेनवाल्याला कुठे थांबवलंत?"

"पुलाखाली. आता हे काय—"

"पुलाखालून इथे कसे आलात?"

"धोबीगल्लीतून. मागे पडलो होतो ना, म्हणून मधल्या वाटेने मनोऱ्यापाशी गाठलं सगळ्यांना."

"म्हणजे औषधांच्या दुकानावरून आला नाहीत तुम्ही."

"नाही. का?"

मला पुढे सांगायची गरजच पडली नाही. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, शिंपी खुर्चीत बसला आणि बेकरीवाला, ज्याला कुठल्याही प्रसंगी बोलल्याशिवाय राहवत नाही, तो हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, आई खांब आहेत तिथे."

मग माझा पारा चढला. "अहो, शेपूट तुम्ही! नारिंगी जाकीट तुमच्या अंगात! जन्मभर लोकांना नियम शिकवता आणि कुणाची तरी चेन कुरकुरली म्हणून धोबीगल्लीत घुसता? आईंची काळजी म्हणे! काळजी आईंची आणि कान चेनीकडे!"

ह्यांनी काळे हात बघितले. चावी माझ्या हातात दिली. मी ती खिशात टाकली आणि वरून खिशाची चेन ओढली.

पाव तसेच, चहा तसाच. सगळ्यांनी सायकली उचलल्या.

*

एवढ्या वेगाने आमची टोळी कधी गेली नसेल. बसचालक सगळ्यांच्या पुढे, रस्ता मोकळा करा म्हणून ओरडत. कॉलेजच्या मुली हसत होत्या की रडत होत्या कळत नव्हतं. तिथे नसल्या तर? कंटाळून निघाल्या असल्या, रस्ता चुकल्या असल्या, एखाद्या रिक्षात बसल्या असल्या तर? रिक्षा म्हणजे सुद्धा आणणंच झालं की! शेजारी हे जीव तोडून पेडल मारत होते आणि तोंडातल्या तोंडात एकच, "उभी असू दे. उभी असू दे."

मंडई मागे टाकली आणि समोर तिठा दिसला.

उभ्या होत्या.

निळी सायकल शेजारी. पाय जुळवलेले. उजवा हात लांब केलेला, अजून तसाच, फक्त कोपराखाली डाव्या हाताचा टेकू. तो उजवा हात. मोडलेल्या मनगटाचा. माझ्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

औषधवाला दुकानाबाहेर स्टूल घेऊन हतबल उभा होता. आम्हाला बघून त्याला हुरूप आला. "बरं झालं आलात! केव्हाचा म्हणतोय, बसा, बसा. तर म्हणतात, खांब कधी बसतो का! माझी निम्मी गिऱ्हाइकं हात बघून उजवीकडे वळून गेली!"

सासूबाईंनी आमच्याकडे बघितलं. आनंदाने नाही, चांगल्या रागाने.

"हे तोंड तिकडून कसं आलं? फेरी उलटी फिरते का आज?"

हे सायकल टाकून धावले. टाकून म्हणजे अक्षरशः टाकून, स्टँड न लावता, जे दुकानात कुणी केलं तर हे त्याला उभा सोलतात. जवळ जाऊन थांबले. हात पुढे केला, काळा होता म्हणून मागे घेतला.

"आई. चल."

"कुठे?"

"घरी."

सासूबाई हलल्या नाहीत. सगळ्यांवरून नजर फिरवली, मग ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मला आणायला आलात?"

अट सगळ्यांना माहीत होती. बेकरीवाल्याने पायावर पाना पडला तेव्हाच ऐकली होती आणि पावाबरोबर वाटली होती. माझा हात आपोआप खिशावर गेला, चावीवर. मनात म्हटलं, अहो, आता नीट बोला. आयुष्यात एकदा तरी नीट बोला.

ह्यांनी त्या हाताकडे बघितलं. तो अजून उजवीकडेच दाखवत होता.

"नाही," ते म्हणाले. "तुला आणायला नाही आलो. माझंच हे वळण राहिलं होतं."

"मग राहिलेलं वळण असं समोरून घेतात का?"

"नाही."

"शेपूट कुठून येतं?"

"पुलावरून."

"मग?"

ह्यांनी सायकल उचलली. मान खाली घालून, पन्नाशीचा माणूस, आमच्या सगळ्यांच्या देखत परत पुलाकडे गेला. दुसऱ्या टोकापर्यंत! अर्ध्यातून वळला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं, पण नाही, पार टोकाला जाऊन वळला. आम्ही सगळे सायकली धरून कडेला ओळीत उभे राहिलो. औषधवाला स्टुलावर चढला, नीट दिसावं म्हणून. आणि पुलावरून नारिंगी ठिपका यायला लागला. आधी कॉलेजची एक मुलगी एकटीच टाळ्या वाजवायला लागली, मग शिंपी, मग सगळेच. घंट्या, शिट्ट्या, बेकरीवाल्याची कॅरियरवरची थाप! रस्त्यावरच्या बसमधली माणसं खिडकीतून बघायला लागली, कोण जिंकलं म्हणून. हे आले, वळणापाशी वेग कमी केला, आईच्या हाताकडे बघितलं आणि तो दाखवत होता तिकडे वळले.

तेव्हा कुठे सासूबाईंनी हात खाली घेतला. घेतला म्हणजे घ्यायला गेल्या, तर तो खाली येईना! खांद्यात आखडला होता. मी धावत जाऊन चोळला, हळूहळू खाली आणला. "दुखतंय का हो?" तर म्हणतात, "दुखेल नाहीतर काय! पण बघ ना, राहिला की वर."

मग निळ्या सायकलवर बसल्या आणि शेपटाच्या पुढे लागल्या.

*

दुकानात ओतून ठेवलेला चहा गार झाला होता. तो तसाच प्यायलो. पावांवर सगळे तुटून पडले आणि प्रत्येक जण तीच गोष्ट दुसऱ्याला सांगत होता, जसा काही तो तिथे नव्हता. सासूबाई छर्ऱ्यांच्या पेटीशेजारच्या त्यांच्या जागेवर बसल्या, डाव्या हाताने कप धरून. उजव्या खांद्याला मी बाम चोळत होते.

"पुढच्या रविवारी शेपूट कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि ह्यांच्याकडे असं बघितलं, जणू दात उपटायची वेळ आली आहे.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "ते जाकीट दे रे इकडे."

हे गडबडले. "आई, अगं तू सगळ्यात हळू चालवतेस."

"मग शेपूट अजून कसं असतं?"

बेकरीवाल्याला ठसका लागला. ह्यांनी निमूट जाकीट उतरवलं आणि आईच्या खांद्यावर घातलं, दुखरा खांदा सांभाळून. मग त्यांनी शिडी आणली.

तुळईला लावून वर चढले. हुकाचा नट जुना, गंजलेला. हाताने हलेना. ह्यांनी खाली न बघता पाना मागायला हात खाली केला, कितीचा तेही सांगितलं नाही. मी उठणार, तेवढ्यात सासूबाईंनी कप खाली ठेवला, पेटीत बोटं घालून चाचपलं, एक पाना काढला आणि उजव्या हाताने वर धरला. हात थरथरत होता. मी धरायला गेले नाही.

"बसला का?" त्यांनी विचारलं.

"बसला," हे म्हणाले.

हुक भंगाराच्या डब्यात पडला, ठण्णकन. हे शिडीवरून उतरले आणि आईसमोर खाली जमिनीवर बसले, लहानपणी बसत असतील तसे.

"आता सायकल कुठे ठेवायची मग?" सासूबाईंनी विचारलं.

"दारात," हे म्हणाले. "निघताना तुझ्या हाताशी राहील."